जांभळीवर चढलेली कबनूरची वेल

मला तुम्ही मनी प्लांट म्हणता. लगेच उत्तरेला ठेवू की आग्नेयेला, असं विचारू नका. मी ज्या ज्या घरी राहिले तिथं माझ्यामुळे कुणी श्रीमंत झाल्याचं मला तरी माहीत नाही.

माझं मूळ गाव मोरेआ नावाचं बेट, ताहितीच्या शेजारी, अफाट समुद्रात. मी ते पाहिलेलं नाही. माझ्या आईनंही नाही. आम्ही फांदीवरून फांदी लावत जगभर पसरलो. बी नाही, फूल नाही. आणि फूल दिसल्याशिवाय वनस्पतीशास्त्राची माणसं कूळ सांगत नाहीत. मग काय, आज या घराण्यात, उद्या त्या! आधी पोथॉस म्हणाले, मग सिंडॅप्सस, मग राफिडोफोरा. जिथं गेले तिथलं आडनाव लागलं. साठेक वर्षांपूर्वी दूर कुठंतरी आमच्यातल्या एकीला अवचित फूल आलं, तेव्हा कुठं कायमचं नाव मिळालं, एपिप्रेम्नम ऑरियम. म्हणजे खोडावर राहणारी, सोनेरी.

खोडावर राहणारी! आणि मी वाढले कबनूरला, यंत्रमागाच्या शेडच्या दारात, तेलाच्या रिकाम्या डब्यात.

ते घर बाळाबाईंचं. शेडमध्ये माग खडखडायचे, बाळाबाई दारात बसून सुताच्या कांड्या भरायच्या आणि उरलेलं पिण्याचं पाणी माझ्या डब्यात ओतायच्या. त्यांची लेक क्रांती बाळंतपणाला आली होती. बाळ घेऊन कोल्हापूरला परत निघाली, तेव्हा बाळाबाईंनी तिला माझ्याकडे ढकललं.

आमच्याबद्दल एक समज आहे. मागून आणलेली वेल जगत नाही, चोरून आणलेलीच लागते.

"हे बघ, मी गॅसकडं तोंड करून हुबी हाय," बाळाबाई म्हणाल्या. "मला काय दिसत न्हाय. चोर लवकर."

"आई, अगं मी बी.एड. झालेय. आपल्याच घरात चोरी करू?"

"व्हय की. शिकलेल्यास्नी काय चोरी जमत न्हाय व्हय? आणि ती न्हवं, गाठीची फांदी तोड! बिनगाठीला मुळं फुटत्यात व्हय?"

"तुला दिसत नाही ना?"

"न्हाय दिसत. पिशवीत सरळ ठेव, वाकवू नको."

अशी मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी आले. सरबताच्या बाटलीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत. चोरी मानवली. पांढरी मुळं फुटली, पानं आली. लहानच, तळहाताएवढी.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत कबनूरचे माग भंगारात गेले. क्रांतीचा भाऊ सुरतेला कामाला लागला आणि आईलाही घेऊन गेला. शेडला कुलूप लागलं. दारातल्या डब्याला पाणी घालायला कुणी उरलं नाही. म्हणजे क्रांतीच्या माहेरचं जिवंत असं जे काही होतं, ते या बाटलीत मी. बाळ झोपलं की ती माझी पानं ओल्या फडक्यानं पुसायची. पुसून झालेलीसुद्धा पुन्हा पुसायची.

बाळ, म्हणजे राजसी, रांगायला लागली. एका दुपारी माझी खाली लोंबणारी फांदी तिनं ओढली आणि पान तोंडात घातलं. आमच्या रसात सुईसारखे बारीक कण असतात, ते टोचतात. पोर किंचाळली. ओठ लाल झाले. क्रांती एका पायात एक चप्पल, दुसऱ्या पायात दुसरी, अशी रिक्षात बसली.

डॉक्टरांनी तोंड धुऊन घेतलं, थंड पाणी पाजायला सांगितलं आणि म्हणाले, घाबरू नका. क्रांतीला ते एक सोडून सगळं जमलं.

घरी येऊन तिनं मोबाईलवर माझ्याविषयी वाचायला सुरुवात केली. माझी सगळी नावं तिला तेव्हाच कळली, आणि प्रत्येक नावापुढं 'विषारी'. मग मी फ्रिजवर गेले. पण फ्रिजवरून मी लोंबणारच. मग कपाटावर. मग संडासाच्या खिडकीत. तिथून तिनं मला उचलून कचऱ्याच्या बादलीशेजारी ठेवलं, थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली आणि पुन्हा वर ठेवलं.

"आगं, टाकायचं आसंल तर टाक, न्हायतर ऱ्हाऊ दे," तिच्या सासूबाई, आक्का, वैतागल्या. "पर टाकू नको बाई. घरातली लक्ष्मी जाती."

"लक्ष्मी जाऊ दे आक्का, पोरगी राहू दे."

"मग टाक."

"तेच तर होईना."

शेवटी तिनं सुरतेला फोन लावला. फोनवरच रडली. मी चांगली आई नाही, आणि तुझी वेलसुद्धा मला सांभाळता येत नाही, असं काहीबाही बोलली.

"रडतीस कशाला?" बाळाबाई म्हणाल्या. "पोरीला दात आल्यात, ती चावणारच. येलाला रस हाय, त्यो लागणारच. दोघींचं बी चुकलं न्हाय. तुमच्या खाली झाड हाय न्हवं? लाव जा त्याच्या बुडाला."

"तिथं जगेल का? माझ्या नजरेआड?"

"तू न्हाय व्हय जगलीस?"

क्रांतीनं फोन ठेवला. संध्याकाळी तिनं मला कंपाउंडमधल्या जांभळीच्या बुंध्याशी लावलं, सुतळीनं बांधलं आणि जाताना तीनदा मागं वळून बघितलं.

दोन पावसाळे झाले, आता मी खोडावर आहे. मुळं सालीत रुतवून वर चढते आहे. पानं केवढी झालीत म्हणून सांगू! पराती म्हणा. काहींना कडेनं चिरा पडल्यात. बाटलीत राहिले असते तर हे माझ्यात होतं हे मलाही कळलं नसतं. तरी दुपारी वरून कुकरची शिट्टी ऐकू आली की ते ओलं फडकं आठवतं.

परवा क्रांती राजसीला कडेवर घेऊन खाली आली. मोबाईल माझ्यासमोर धरला. पलीकडे बाळाबाई.

"हे कुठलं झाड दाखवतीस?"

"आपलीच वेल, आई."

"हॅट! आपली एवढी कुठं हुती?"

"तीच आहे गं."

बाळाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला असावा. पडद्यावर नुसतं कपाळ दिसत होतं. मग म्हणाल्या, "क्रांते, तू बी जाड झालीस व्हय गं? का फोनच तसा दावतोय?"

"मीही तीच आहे, आई," क्रांती म्हणाली, आणि दोघी हसता हसता थांबल्या.

बाळाबाई, मला निरोप पोचवता येत नाही, म्हणून इथंच सांगते. मला फूल येईल असं वाटत नाही. ते बेटही दिसणार नाही. पण एकदा सुरतेहून या. लेकीला जवळून बघा, ओळखायला येईल.