मधल्या मजल्याचं शपथपत्र

एफुआ माझ्याकडे पत्र मागायला आली तो नोव्हेंबरातला शनिवार होता. मी कोबीची पानं उकडत होते, काचा वाफेने धुरकटल्या होत्या. ती मागच्या जिन्याने खाली आली. तिच्यामागे तिचा नवरा रोलंड, टोपी हातात धरून, शाळेच्या मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखा.

"आंटी बर्निस, पाच मिनिटं आहेत?"

अमेरिकेतल्या वुस्टरमधलं हे तीन मजली लाकडी घर माझं. नवरा गेल्यापासून तळमजल्यावर मी एकटी राहते, आणि मधल्या मजल्यावर ही दोघं, जवळजवळ तीन वर्षं. रोलंड गोडेट नगरपालिकेच्या पाणीखात्यात नळ दुरुस्त करायचा. त्रेचाळिशीचा, फ्रेंच वंशाचा, काडीसारखा, बोलायला महाग. एफुआ घानाची, समुद्राकाठच्या केप कोस्टची. म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात रात्रपाळीला रुग्णसेविका होती. भाडं वेळेवर, जिना स्वच्छ, आवाज नाही. मला तक्रारीला जागा नव्हती.

तिला लग्नावर जे ग्रीन कार्ड मिळालं होतं ते दोनच वर्षांचं होतं. ते संपायच्या आधीच्या तीन महिन्यांत नवराबायकोने मिळून अर्ज करायचा, लग्न खरं असल्याचे पुरावे जोडायचे, मग सरकार त्यावरची अट काढतं. पुराव्यात भाडेपत्र, वीजबिलं, फोटो आणि ओळखीच्या माणसांची शपथेवरची पत्रं.

"वकील नाही केला?" मी विचारलं.

"गेलो होतो एकाकडे," रोलंड म्हणाला. "तासाभरात तीनदा विचारलं त्याने. लग्न खरं आहे ना? मला सांगा, माझ्यापाशीच राहील."

"मी बाहेर येऊन म्हटलं, आपला म्हणवणारा असं विचारतो, तर परका काय विचारेल?" एफुआ म्हणाली. "आपणच भरू. अर्ज वाचता येतो मला."

तिने एका कागदावर मला मुद्दे लिहून दिले. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, ओळख कधीपासून, आणि स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं. खोटं लिहिलं तर शिक्षा. मी म्हटलं, हो, लिहीन की. त्यात काय.

रात्री जेवल्यावर कागद घेऊन बसले. नाव लिहिलं, जन्मगाव लिहिलं. आणि डोळ्यांनी काय पाहिलं तिथे हात थांबला.

मी त्यांना एकत्र कधी पाहिलं होतं? नीट आठवायला गेले तर गेल्या ईस्टरला, त्यानंतर बर्फ पडायच्या आधी एकदा गाडी धुताना. आणि आज, पत्र मागायला.

दुसऱ्या दिवशी बहिणीशी फोनवर बोलताना मी हे बोलून गेले आणि चूक केली. स्टेला तोंडाने फटकळ.

"शपथेवर लिहिणार तू? कोणाच्या पलंगाची शपथ घेतेस गं?"

"अगं, शेजारीण आहे ती माझी."

"शेजारीण आहे म्हणून तुरुंगात जा. त्या माणसाला या लग्नाचे पैसे मिळाले असतील. आणि तू बस एकाहत्तराव्या वर्षी कोर्टात."

त्या दिवसापासून मी कान दिला. लाकडी घरात कान दिला की सगळं कळतं. रोलंडचे बूट संध्याकाळी सहा वाजता वर जायचे, सातच्या सुमारास पुन्हा खाली. त्याची गाडी निघायची आणि सकाळपर्यंत परतायची नाही. नऊला एफुआ कामावर जायची. तिची पाळी सकाळी सातला सुटायची, पण ती घरी यायची साडेनऊ-दहाला. आश्रम इथून गाडीने वीस मिनिटांवर आहे.

स्वयंपाकघरात चर्चचं कॅलेंडर टांगलेलं असतं. मी त्यावर खुणा करायला लागले. रोलंड रात्री घरी असला तर गोल, नसला तर फुली. लाज वाटत होती, पण हात थांबत नव्हता. पत्र शपथेवर लिहायचं होतं ना, मग खरं काय ते मला कळायला नको?

तीन आठवड्यांत सतरा फुल्या झाल्या.

मग तळघरातलं ते कपड्यांचं. तिथे धुण्याचं यंत्र सगळ्यांसाठी एकच. मी खाली गेले तेव्हा एफुआ कपडे घड्या घालत होती. तिच्या हातात पुरुषाचा फ्लॅनेलचा पायजमा होता. असा रुंद की रोलंड त्यात दोनदा मावला असता. मला पाहताच तिने तो टोपलीत तळाशी सारला आणि वर टॉवेल टाकला.

"थंडी पडली ना, आंटी," ती म्हणाली.

"पडली," मी म्हटलं.

जिना चढताना मी हिशोब मांडला. नवरा रात्री भलतीकडे, बायको सकाळी भलतीकडे, आणि टोपलीत तिसऱ्याच माणसाचे कपडे. हे लग्न असेल तर कोणाचं कोणाशी? स्टेलाला मी हे सांगितलं नाही. तिने काय म्हटलं असतं ते मला पाठ होतं.

पत्राबद्दल एफुआने दोनदा विचारलं. मी एकदा चष्मा हरवल्याचं सांगितलं, एकदा हात दुखतो म्हटलं. तिसऱ्यांदा ती दुपारी भाडेपत्राची प्रत मागायला आली. मी ती शोधायला आतल्या खोलीत गेले. परत आले तर ती कॅलेंडरसमोर उभी, बोटाने एकेक चौकोन मोजत.

"हा सोमवार. फुली. मंगळवार, फुली. बुधवारी रोलंडला ताप होता, तो घरी होता. गोल." ती माझ्याकडे वळली. आवाज अगदी हळू होता. "आंटी, हे तुम्ही कोणासाठी लिहिताय?"

"कोणासाठी नाही."

"कोण आलं होतं इथे? सरकारचा सूटवाला कोणी आला होता? फोन आला होता?"

"एफुआ, कोणी आलेलं नाही."

"मग फुल्या कशाला? तीन वर्षं मी तुमच्या दारातला बर्फ काढते. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या रात्री मोजता?"

मला राग आला, तो बहुतेक शरमेचाच होता. "मोजते! कारण तू मला शपथ घ्यायला लावतेस. कुठे झोपतो तुझा नवरा? आणि तो पायजमा कोणाचा?"

ती खुर्चीत बसली. माझ्या हातातलं भाडेपत्र घेतलं, त्याची घडी घातली आणि उघडली.

"सासऱ्याचा," ती म्हणाली.

रोलंडचा बाप ऑरेल गावाच्या पलीकडच्या टोकाला एकटा राहत होता. दीड वर्षापूर्वी त्याची स्मृती जायला लागली. एकदा शेगडी चालू ठेवून तो बर्फात चपलांवर फिरायला निघाला. आश्रमात ठेवणार नाही असं वचन रोलंडने आईला मरताना दिलं होतं. म्हणून रात्री तो तिथे झोपायचा, आणि सकाळी पाळी सुटल्यावर एफुआ तिथे जाऊन म्हाताऱ्याला अंघोळ घालायची, खाऊ घालायची. दुपारी एक शेजारी बघायचा. रविवारी मात्र रोलंडचा एक चुलतभाऊ तिथे राहायचा, तेवढीच यांची एकत्र रात्र.

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"कागदावर तो इथे राहतो, झोपतो तिथे. लोकांच्या नोंदी करणाऱ्या बायकांना कसं सांगू?" असं म्हणून ती उठली आणि गेली.

मी ऐकलं, पण खरं सांगायचं तर मानलं नाही. गोष्ट फार व्यवस्थित वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली आणि न सांगता त्या पत्त्यावर गेले. रोलंडने पूर्वी आणीबाणीसाठी म्हणून तो दिला होता.

दार एफुआनेच उघडलं. हातात नेलकटर, अंगावर अजून कामाचा गणवेश. मला पाहून तिला आश्चर्य वाटलं नाही.

"या. तपासून घ्या," ती म्हणाली.

खुर्चीत एक भला दांडगा म्हातारा बसला होता, पाय टबात. एफुआ त्याच्यासमोर खाली बसली आणि पुन्हा नखं कापायला लागली. मी माझं आडनावासकट नाव सांगितलं. त्याने मला जवळ बोलावलं.

"तुम्ही पोलिश का? बरं. पोलिश चालतात." मग आवाज खाली आणून, "माझ्या पोराने आफ्रिकेची बायको केलीय. कार्डासाठी आलीय ती. कार्ड मिळालं की जाईल पळून. मी त्याला सांगितलं, लग्नालासुद्धा गेलो नाही." मग एफुआच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "ही नर्स मात्र चांगली आहे. हिला सोडू नका."

एफुआने मान वर केली नाही. "आणि ती सून, मॉन्स्यूर गोडेट? गेली का पळून?"

"अजून नाही. कार्ड यायचंय."

दारापर्यंत मला सोडायला आली तेव्हा ती म्हणाली, "पहिले दोन महिने मी गाडीत बसून रडायचे, आंटी. आता रोज विचारते. उत्तर बदलतंय का बघते."

घरी जाताना एका सिग्नलला माझ्या मनात आलं, हे सगळं मला दाखवायलाच मांडलं असेल का? मी न सांगता गेले होते, तरीही आलं. माणूस एकदा फुल्या मारायला लागला की त्याला गोल दिसेनासे होतात.

रविवारी मी दोघांना खाली बोलावलं आणि म्हटलं की पत्र लिहीन, पण पाहिलं तेच लिहीन. रोलंड रात्री कुठे झोपतो आणि का, तेही.

"नको," एफुआ म्हणाली. "दोन ओळी लिहा. एकत्र राहतात, सुखी आहेत. बाकीचे तेवढंच लिहितात."

"खरं लिहू देत ना," रोलंड म्हणाला. "आपण काय चोरी केलीय?"

"तुझं काय जातंय? तुला कोण परत पाठवणार आहे? तुझा जन्म तीन गल्ल्या पलीकडचा!" ती उभी राहिली. "खरं हवंय ना तुला? मग दीड वर्षात बापाला एकदा तरी सांगितलंस, ही नर्स नाही, माझी बायको आहे म्हणून?"

रोलंडने आपला चहा बाजूला सारला. मी चहाच्या कपाकडे बघत राहिले.

"सांगितलं तर तो तुला हात लावू देणार नाही," तो शेवटी म्हणाला. "मग त्याला अंघोळ कोण घालणार?"

"म्हणजे मी अंघोळीपुरती." ती हसली, पण ते हसू ऐकवत नव्हतं. "त्या वकिलाने तुला विचारलं ना तीनदा, लग्न खरं आहे का? मी तर रोज विचारते. मनात."

ती वर निघून गेली. रोलंड माझ्या टेबलाशी तासभर बसला. मग त्याने कोट घातला.

त्याने बापाला सांगितलं ते त्याच संध्याकाळी. म्हाताऱ्याने आधी ऐकलं, मग पाण्याचा ग्लास भिंतीवर फेकला. तीन दिवस त्याने एफुआला खोलीत येऊ दिलं नाही. ती दाराबाहेर जिन्यावर बसून राहायची. सुट्टी टाकून रोलंडने स्वतः त्याला धुतलं-पुसलं, कसंबसं. चौथ्या दिवशी म्हातारा सगळं विसरला आणि विचारू लागला, नर्स कुठे गेली?

"ती नर्स नाही, पपा. एफुआ. माझी बायको," रोलंडने पुन्हा सांगितलं. पुन्हा आरडाओरडा. मग पुन्हा विसरणं. रोलंड मात्र सांगत राहिला, रोज. हे मला एफुआनेच सांगितलं, डिसेंबरच्या मध्यावर, खाली येऊन.

"लिहा, आंटी. सगळं लिहा. पायजमाही लिहा."

मी अडीच पानं लिहिली. कोणत्या वेळी कोणाची गाडी जाते, सकाळी साडेनऊपर्यंत ती कुठे असते, म्हाताऱ्याने माझ्यादेखत काय म्हटलं. शेवटी लिहिलं की मी या दोघांवर संशय घेतला होता, महिनाभर त्यांच्या रात्री मोजल्या होत्या, आणि त्यांना एका छताखाली फार वेळ पाहिलेलं नसलं तरी हे लग्न खरं आहे असं माझं मत झालं आहे. सही केली. एफुआने ते उभ्या-उभ्या वाचलं आणि गठ्ठ्यात लावलं. फोटो, बिलं, भाडेपत्र, ऑरेलच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं मिळून दोनशेच्या वर पानं झाली. अर्जाचा प्रत्येक रकाना तिने तीनदा तपासला, प्रती काढल्या, आणि पोस्टात दोघं मिळून गेली.

महिन्याभरात पोच आली. तिच्यावर लिहिलं होतं की अर्जाचा निकाल लागेपर्यंत जुनं कार्ड अठ्ठेचाळीस महिने आणखी चालेल. मग बोटांचे ठसे. मग काहीच नाही. पहिलं वर्ष एफुआ पोस्टमनची वाट बघायची. दारात अनोळखी गाडी थांबली की पडद्याआडून पाहायची. मीही पाहायचे. माझ्या पत्रामुळे काही वाईट झालं तर, हा विचार मला झोपू देत नसे.

ऑरेल अर्जानंतरच्या दुसऱ्या मार्चमध्ये गेला. शेवटपर्यंत एफुआचं नाव त्याच्या लक्षात राहिलं नाही, पण शेवटच्या काही आठवड्यांत त्याचं ओरडणं थांबलं होतं. रोलंडने सांगितलं की तो नुसतं "हं" म्हणायचा. ते मान्य होतं की थकवा होता, कोण सांगणार? दफनाला आम्ही नऊ जण होतो. पाद्र्याने कुटुंबाची नावं घेतली तेव्हा "सून एफुआ" म्हटलं. ते रोलंडने लिहून दिलं होतं.

त्यानंतर सहा महिन्यांनी कार्ड आलं, दहा वर्षांचं. मुलाखतीला बोलावलं नाही, एक प्रश्न विचारला नाही.

"म्हणजे माझं पत्र कोणी वाचलं की नाही?" मी विचारलं.

"कोण जाणे, आंटी. मी वाचलं."

त्या डिसेंबरात दोघं केप कोस्टला गेली. इतकी वर्षं तिला म्हाताऱ्याला सोडून जाता आलं नव्हतं. परत आल्यावर रोलंड माझ्याकडे चहाला बसला. उन्हाने नाक सोललं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आपणहून बोलत होता. एफुआच्या आईने त्याला अंगणात स्टुलावर बसवून दोन तास उलटतपासणी घेतली. तुझे लोक कोण, भाऊ किती, आमच्या पोरीतच तुला काय दिसलं, आणि लग्नाला तुझा बाप का आला नाही?

"मग? काय सांगितलंस?" मी विचारलं.

"खरं सांगितलं. सगळं."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"विश्वास नाही बसला त्यांचा," रोलंड म्हणाला. "म्हणाल्या, पुढच्या वर्षी परत ये, मग बघू."