कडक भाकरी आणि हट्टी रेणू

मंद्रूपहून रोज एसटीनं सोलापूरला येऊन चंद्रिका बिराजदार औषधी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंना लोळवील असा एक नवा रेणू बनवायचा, हा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. रेणू बनला. कागदावर काढला होता अगदी तसाच बनला. पण बाहेर आला तो कसा? पाक! गुळाचा पाक बरा, निदान त्याची चिक्की तरी होते. हा मेला पिवळाधमक, चिकट, फ्लास्कच्या तळाशी ढिम्म बसून राहिलेला.

आता पाक झाला तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. बिघडलं तर! पाकात कसला कसला कचरा लपलाय ते कोण सांगणार? तो जंतूंवर टाकला आणि जंतू मेले, तरी ते रेणूनं मेले का कचऱ्यानं, हे कळायला मार्ग नाही. स्वच्छ पांढरे स्फटिक पडले, तरच परीक्षक मानणार. आणि परीक्षक होत्या हैदराबादच्या वैजयंती मॅडम. त्यांच्या औषध-संशोधनाच्या लॅबमध्ये एकच जागा रिकामी होती, आणि त्या जागेवर चंद्रिकाचा असा काही जीव जडला होता की झोपेतही ती हैदराबादची गाडी पकडायची.

तिनं फ्लास्क बर्फात ठेवला. काचेच्या कांडीनं आतून घासला, कारण अशा घासण्यानं स्फटिकांना धरायला जागा मिळते. पाक हलला नाही. शेजारच्या टेबलावरचा केम गावचा युवराज सकाळ झाली की विचारायचा, "काय गं, झाली का चिक्की?" आणि तिला कांडी त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटायची.

लॅब होती हिंदुराव सरांची. मिशी भरघोस, आवाज तिच्याहून भरघोस. लॅबमध्ये खाणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. एकाच्या खिशात गोळी सापडली, तर त्याला आठवडाभर बाटल्या धुवायला लावल्या होत्या. गोळी लिमलेटची होती, पण सरांना त्याचं काय!

एका दुपारी सगळे जेवायला गेले. चंद्रिकाचा पाय फ्लास्कजवळून निघेना, आणि पोटात तर कावळे ओरडत होते. पिशवीत अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, ईरम्मानं, दिलेली कडक भाकरी होती. एक कोपरा मोडला तर कोण बघतंय? पण कडक भाकरी कधी गुपचूप मोडलीय का? कडाड्! तुकडा हातात राहिला आणि एक कण उडून थेट उघड्या फ्लास्कमध्ये.

"अव्वा गं, मेले!" चंद्रिकाच्या तोंडचं पाणीच पळालं. चिमटा शोधून ती वळते तर काय, कणाच्या कडेला एक पांढरी सुई उभी. मग दुसरी. बघता बघता अख्खा पाक सुयांनी भरून गेला. पोरीनं तिथंच एक गिरकी घेतली. भाकरीचा कण चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकला, स्फटिक गाळले, वाळवले, खरवडले, आणि आनंदाच्या भरात पांढरेफटक हात एप्रनलाच पुसले.

सरांनी स्फटिक उजेडात धरून पाहिले. मिशी हसली. "कसं जमवलंस?"

"कांडीनं घासलं, सर."

हे बोलली आणि फसली. "शाब्बास! मग मॅडमसमोर हेच करून दाखव. दुसऱ्या फ्लास्कात राखलेला अर्धा पाक आहेच की!"

चिमूटभर स्फटिक राखून ठेवले असते, तर बियाण्यासारखा एक कण टाकून काम झालं असतं. पण सगळे तपासण्यांत संपले होते. चंद्रिकानं शेवटी युवराजला भाकरीचं सगळं सांगून टाकलं.

"त्यात काय एवढं?" युवराज म्हणाला. "भाकरीचा चुरा खिशात ठेव. मी मॅडमला बोलण्यात गुतवतो, तू टाक."

"आणि दिसलं तर?"

"तर तू मंद्रूपला, मी केमला. शेती हाय की!"

परीक्षेच्या सकाळी ईरम्मा एप्रन ओढत होती. "किती मळलाय गं! दे हिकडं, धुऊन टाकते."

"आता येळ न्हाय अव्वा!" चंद्रिकानं तो खेचून घेतला आणि एसटी गाठली.

मॅडम बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची नजर मात्र फ्लास्कवरून ढळेना. चंद्रिका लांबूनच हात पुढे करून घासतेय, घासतेय, पाक ढिम्म. युवराजनं ठरल्याप्रमाणे तोंड उघडलं, "मॅडम, हैदराबादची बिर्याणी..."

"नंतर," मॅडम मान न वळवता म्हणाल्या. खिशातला चुरा खिशातच राहिला.

इकडे सरांचा जीव टांगणीला. ते मिशी पिळत पिळत फ्लास्कवर पार ओणवे झाले. आणि मिशीतून काहीतरी लाल आत पडलं. थोड्याच वेळात त्या लाल ठिपक्याभोवती पांढऱ्या सुया फुटल्या.

"आले! आले!" सर ओरडले.

"हे लाल काय आहे?" मॅडमनी विचारलं.

सरांचा चेहरा पडला. चंद्रिकाला वाटलं, गप्प बसावं. काम तर झालंय, हैदराबाद हातात आलंय. पण एकदा खोटं बोलून किती रात्री तळमळत काढल्या, ते तिचं तिलाच ठाऊक. तिनं खिशातला चुरा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, मी खोटं बोलले. पहिल्यांदा स्फटिक कांडीनं नाही आले, ह्या भाकरीचा कण पडला म्हणून आले. आजही तोच टाकणार होते." मग तिनं छताकडे पाहिलं. "लाल कशाचं ते मात्र मला माहीत नाही."

सरांनी घसा खाकरला. "शेंगाची चटणी," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "केबिनमध्ये... दार लावून खाल्ली होती."

युवराजनं तोंडात रुमाल कोंबला. मॅडमनी मात्र बाह्या वर सारल्या. "सगळं परत विरघळव. गरम असतानाच गाळून घे आणि तीन फ्लास्कांत वाट. एकात भाकरी, एकात चटणी, एकात काहीच नको."

"चटणी..." चंद्रिका चाचरली. मॅडमनी सरांकडे नुसतं पाहिलं. सर मुकाट्यानं केबिनमधून डबा घेऊन आले.

तिन्ही फ्लास्क थंड होत गेले. चंद्रिका तिसऱ्यावर वाकून कांडी घासत राहिली, आणि सगळ्यांत आधी सुया फुटल्या त्या त्याच फ्लास्कात. भाकरी नाही, चटणी नाही, तरीही!

"म्हणजे भाकरीचं काहीच नव्हतं?" तिला चक्क वाईट वाटलं.

"पहिल्या वेळी असेल," मॅडम म्हणाल्या. "पण एकदा स्फटिक पडले की त्यांची धूळ लॅबभर उडते. तुझ्या ह्या एप्रनवर तर किती असेल कोण जाणे! वाकलीस की एखादा कण पडतो, तेवढा बियाण्याला पुरतो. आणि रेणू शुद्ध नसता, तर पिठाचं पोतं ओतूनही काही झालं नसतं. ते काम तुझं."

चंद्रिकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"खोटं बोललीस, त्याचे मार्क कापणार. खरं बोललीस, म्हणून हैदराबादला ये. हा रेणू तिथं पुन्हा करायचाय, तेव्हा हाच एप्रन आण." त्या दारापर्यंत जाऊन वळल्या. "आणि धुवू नकोस."

चंद्रिका मंद्रूपला उतरली ती हवेत तरंगतच. आल्या आल्या तिनं पिशवी खाली टाकली आणि पाणी प्यायला आत गेली. बाहेर येऊन बघते तर अंगणात साबणाच्या पाण्यानं भरलेली बादली, आणि ईरम्माच्या हातात लोंबकळणारा एप्रन.

"अव्वा, थांब!" ती किंचाळली. "माझी नोकरी हाय त्याच्यावर!"