विमानाला दात येतात तेव्हा

भिंगरीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं. नऊ वर्षांची ती पोर एका जागी टिकत नसे, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. आज मात्र ती जेवण उरकल्यापासून टेबलाला चिकटून बसली होती, कारण तीन वाजता आत्या यायची होती आणि साडेतीनला जायची होती.

आत्या विमान चालवायची. जंगलात वणवा लागला की वरून पाणी ओतणारं, पिवळंधमक. उद्यापासून ती त्या विमानाची कॅप्टन होणार होती. त्याच्या नाकाखाली दातांसकट एक भलंमोठं हसू रंगवलेलं होतं. भिंगरीने तस्संच वीतभर विमान जोडलं होतं, रंगवलं होतं, आणि फोनवर बजावलं होतं, "ते घेतल्याशिवाय तुला जाऊ देणार नाही." आता राहिलं होतं फक्त हसू.

हसू दोन तुकड्यांत होतं, डावं आणि उजवं, सात-सात दातांचं. दोन्ही तुकडे म्हणजे डिकल. कागद पाण्यात बुडवून जरा थांबलं की त्यावरचं पातळ चित्र दुधावरच्या सायीसारखं सुटतं, मग ते ब्रशने अलगद विमानावर सरकवायचं. पंख सपाट असल्यामुळे त्यांच्यावरचे आकडे भिंगरीने हसतखेळत लावले होते. पण नाक अंड्यासारखं गोल. मागच्या रविवारी तिने तिथे अंगठ्याने दाबायला जाऊन सगळे दात अंगठ्यावर उतरवून घेतले होते, आणि सोमवारी त्यातले तीन घेऊन शाळेत गेली होती. टपालाने दुसरा कागद मागवला होता. तिसरा मिळणार नव्हता, दुकानदाराने तसं कळवलंच होतं.

शेजारी आजोबा चष्मा कपाळावर चढवून बसले होते. ते शिंपी. "चाळीस वर्षं लोकांचे गळे कापले," असं ते नव्या माणसाला हमखास सांगत.

"गोल गळ्याला सरळ पट्टी लावली तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"चुण्या पडतात."

"मग मी काय करतो?"

"कडेला बारीक कट देता." भिंगरीने डिकलकडे पाहिलं. "पण इथे कट दिले तर दिसतील की."

प्रश्न विचारून झाला की गप्प बसायची आजोबांना सवय होती.

"दोन दातांच्या मध्ये दिले तर?" भिंगरी हळूच म्हणाली. "तिथे नुसतंच पारदर्शक आहे."

"मग बघतेस काय माझ्याकडे? कात्री घे."

तिने कट दिले. डावी बाजू बसली, उजवी बसली, हनुवटीखाली दोन्ही तुकडे एकमेकांना भेटले. मग आजोबांनी डिकल मऊ करणाऱ्या औषधाची बाटली पुढे सरकवली. "दोन-दोन थेंब लाव. आता हे सुरकुतणार, अगदी शंभर वर्षांचं होणार. तू घाबरशील. पण बोट लावायचं नाही. मऊ झालं की ते आपणहून नाकाला बिलगतं."

तिने थेंब सोडले आणि दारावरची घंटा वाजली. आत्या पोचली होती, पण वाटेत खोळंबल्यामुळे तीन वाजून दहा मिनिटांनी. टॅक्सी खाली उभीच होती.

"कुठाय माझं विमान?" म्हणत ती टेबलावर वाकली आणि थबकली. नाकावरचं हसू पार आक्रसलं होतं. दात एकमेकांवर चढले होते. "अगं, हे काय झालं?" तिचं बोट आपोआप पुढे गेलं.

भिंगरीने ते वरच्यावर पकडलं. "हात मागे."

"जरा नीट करते ना."

"आत्या, हात मागे."

"मी धुरातून विमान नेते, बाईसाहेब."

"तिथे डिकल लावावं लागत नाही."

"बाबा, सांगा ना हिला काहीतरी."

"मी काय सांगणार," आजोबा म्हणाले, "माझेसुद्धा मागेच आहेत." आणि खरंच, त्यांनी हात पाठीमागे गच्च बांधून ठेवले होते.

तिघं तशीच वाकून बघत राहिली. आत्याच्या नाकातून हसू फुटायला लागलं.

"हसू नकोस, वारा लागतो," भिंगरी म्हणाली आणि स्वतःच गाल फुगवून बसली.

तेवढ्यात टॅक्सीवाला जिना चढून आला. "मॅडम, साडेतीन होत आले," म्हणता म्हणता तोही वाकला. बराच वेळ बघून तो अगदी काळजीने म्हणाला, "याची कवळी सैल झालीय का?"

मग मात्र कुणाचं काही चालेना. भिंगरी तोंड दाबून स्वयंपाकघरात पळाली, तिच्या मागे आत्या, त्यांच्या मागे आजोबा. ओट्याला धरून तिघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. टॅक्सीवाला दारात येऊन विचारत होता, "मी काही चुकीचं बोललो का?" त्यावर आजोबा खालीच बसले.

परत येऊन पाहिलं तर सुरकुत्या निम्म्या झाल्या होत्या. पण निम्म्याच.

आत्याने घड्याळ पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "राणी, मला निघायला हवं. ओला कापूस घे, दाब आणि दे. वाकडं असलं तरी चालेल मला."

भिंगरीने कापूस उचलला. नाही दाबला तर आत्या रिकाम्या हाताने जाणार, दाबला तर दात कापसावर येणार. तिने आजोबांकडे पाहिलं.

"विमान तुझं आहे," ते म्हणाले.

तिने कापूस ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसली. "नाही. थांबायचं."

मग टॅक्सीवाला खाकरला. "मागच्या रस्त्याने घेतो, मॅडम. सात मिनिटं वाचतील." एवढं बोलून त्यानेही हात पाठीमागे बांधले.

सात मिनिटं चौघं विमानाला दात येताना बघत होती. एकेक सुरकुती आत मुरत गेली. एकेक दात सरळ होऊन आपापल्या जागी सपाट बसला. कडेचा एकच फुगून राहिला होता. भिंगरीने त्याला टाचणीच्या टोकाने टोचलं, औषधाचा एक थेंब सोडला आणि तोही शहाण्यासारखा खाली बसला. हसू असं काही बसलं, की ते रंगवलेलंच वाटावं.

आत्याने भिंगरीचं डोकं पोटाशी धरलं. मग विचारलं, "आता धरू कुठे?"

"शेपटीला. नाकाला उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"होय, कॅप्टन," आत्या म्हणाली.

ती शेपटी चिमटीत धरून जिना उतरायला लागली. टॅक्सीवाला तिच्या पुढे उलटा चालत होता, "हळू, इथे पायरी तुटलीय, आता डावीकडे," असं सांगत. भिंगरी कठड्यावरून ओणवी होऊन ऐकत होती. दोन मजले खालून आत्याचा आवाज आला, "उतरलो गं. सगळे आहेत."

"चौदा," टॅक्सीवाला ओरडला. "मी मोजलेत."