लोसेलीच्या पंजाचा गोळा

मी एक जुना लोखंडी गोळा आहे, मित्रांनो. गोळाफेकीचा. तोफेचा नाही. तोफेचा असतो तर मी लोकांना हादरवलं असतं. इथं उलटं झालं, लोकांनीच मला हादरवलं. एकदा नाही, तीनदा. अजून डोकं ठिकाणावर नाही माझं, आणि मी म्हणजे सगळं डोकंच.

माझा जन्म दूर समुद्रातल्या टोंगा देशातला. वावाऊ बेटावर नेइयाफूच्या बंदरात बोटी दुरुस्त करायची एक शेड आहे, तिथला. एका फेरीबोटीच्या पंख्याचा दांडा मोडला. नवा बसवला आणि जुना फेकला शेडमागं. डुकरं यायची आणि त्याला अंग घासून जायची. तो दांडा म्हणजे मी. मला वाटलं, झालं, आता जन्मभर डुकरांची पाठ खाजवायची.

पण शेडमधे लेथवर सेमिसी होता. बोलणं कमी, हात सोन्याचा. त्यानं दांड्याचा एक तुकडा कापला आणि लेथला लावायच्या आधी घरी जाऊन पोरीचा पंजा मापून आणला. लोसेली तिचं नाव. तेव्हा ती शेजाऱ्याच्या डुकरांना नारळ फेकून मारायची. लागायचा एकालाही नाही, पण जायचा कुठल्या कुठं! पंजा तर असा की दुकानातला गोळा तिच्या हातात लिंबू वाटायचा. म्हणून सेमिसीनं मला नियमात बसेल तेवढा मोठा कातला. वजन जास्त होऊ नये म्हणून पोटात जरा पोकळी ठेवली आणि वरून बूच ठोकलं. माझ्या पोटात हवा आहे ती अशी. घमेंड म्हणून नाही.

मग रोज संध्याकाळी चर्चमागच्या मैदानात लोसेली मला मानेला लावायची. तिच्या मानेला खोबरेल तेलाचा वास. एक गिरकी, एक हुंकार, आणि मी हवेत. पडलो की सेमिसी मला उचलायचा, शर्टाला पुसायचा आणि परत द्यायचा. "लांब गेला" वगैरे कधी नाही. नुसता पुसायचा. पण ज्या दिवशी खरंच लांब जायचो ना, त्या दिवशी जरा जास्त वेळ पुसायचा.

आता घरातली एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं आत्याचा मान राजापेक्षा वर. आत्या आणि आत्याची पोरं मामाच्या घरात येणार, दिसेल ते उचलणार, आणि मामानं हसत द्यायचं. चटई, डुक्कर, शर्ट, काहीही. नाही हा शब्दच नाही. सेमिसीची मोठी बहीण आकानेसी. ती ऑकलंडला राहायची. तिची मुलगी एलेनोआ तिथंच वाढली आणि न्यूझीलंडकडून गोळा फेकायची. हो, तीपण. त्या घराण्यात पंजे सगळ्यांचे तसलेच.

आणि मग आली फिजीतली स्पर्धा. सगळ्या ओशनिया खंडाची. सुवाच्या मैदानावर कितीतरी देशांची पोरं जमलेली! लोसेली टोंगाकडून. सोनं मिळालं तर पुढं थेट जगाच्या स्पर्धेत. रुपं मिळालं तर घरी. साधा हिशोब.

आदल्या दिवशी मला तपासणीला नेलं. वासिती नावाची एक जाडजूड बाई टेबलामागं बसलेली. तिनं मला काट्यावर ठेवलं, माप घेतलं आणि नंबर चिकटवला.

"पास," ती म्हणाली. "आता हा रॅकवर राहील. जिला पाहिजे ती घेईल."

सेमिसीला वाटलं, ती थट्टा करतेय. "हा आमचा आहे, बाई. मी स्वतः कातलाय."

"छान कातलाय. पण एकदा रॅकवर आला की सगळ्यांचा. नियम आहे. नको असेल तर घरी न्या."

लोसेली लगेच म्हणाली, "बाबा, घरीच नेऊ. मी इथला टाकते."

"तुझा हात दुसऱ्याला सरावलेला नाही," सेमिसी म्हणाला. "आणि तुझ्याएवढा पंजा आणायचा कुणी?"

त्याच्या डोळ्यासमोर काय होतं देव जाणे. सख्खी भाची त्याच मैदानावर उतरणार होती!

फायनलच्या दिवशी लोसेलीनं पहिलाच फेकला आणि मी सोळा मीटरच्या रेघेपलीकडं जाऊन पडलो. पांढरा झेंडा वर! टोंगाचे लोक लाल लाल होऊन ओरडत होते. आकानेसीआत्या वरच्या ओळीत रोटीची पुरचुंडी सोडून बसलेली. सेमिसी तिच्यापासून पार लांब, खाली. आमच्यात भाऊ बहिणीला खेटून बसत नाही, मान ठेवतो. तिकडं एलेनोाच्या हातातून रॅकवरचे पितळी गोळे निसटत होते. दोनदा लाल झेंडा, फेक बाद. तिसरा कसाबसा पडला. मी रॅकवर बसून हसत होतो. लिंबं टाकतेय लिंबं!

मग एलेनोआ रॅकजवळ आली आणि तिनं मला उचललं.

मित्रांनो, मला वाटलं ती मला बाजूला सरकवतेय. पण तिची बोटं माझ्याभोवती फिरली, आणि अगदी तशीच बसली. तिळमात्र फरक नाही. तिलापण कळलं.

"अगं लोसेली!" ती ओरडली. "हा कुणी केला? मामानं? हा तर माझ्या हातात अस्सा बसतोय बघ!"

"ठेव तो."

"का? रॅकवर आहे ना?"

लोसेलीनं वासितीकडं बघितलं. वासितीनं खांदे उडवले. लोसेलीनं बापाकडं बघितलं. बापानं मान खाली घातली. इथं मैदानाचा नियम तोच आणि घराचा नियमही तोच. पोरगी जाणार कुठं?

एलेनोआच्या मानेलाही खोबरेल तेलाचाच वास होता. मी ठरवलं होतं, पडायचं. जवळच पडायचं, दगडासारखं. पण तिनं मला ढकललं आणि मी उडालो. असा कधी उडालो नव्हतो. खाली बघतोय तर लोसेलीची खूण मागं गेली! मला ओरडावंसं वाटलं, पण लोखंडाला तोंड कुठं? धप्प. पहिला धक्का तो. मला वाटायचं मी लोसेलीचा आहे. मी कुणाचा नव्हतोच. जो नीट फेकेल त्याचा.

लोसेलीनं रागानं पितळी गोळा घेतला आणि दोन फेकी वाया घालवल्या. तेवढ्यात वरून आवाज आला.

"ए लोसेली! तो पितळी टाक खाली! बापानं तुझ्यासाठी काय केलाय तो घे!"

आकानेसीआत्या! स्वतःची पोरगी पुढं असताना! सगळी ओळ तिच्याकडं बघायला लागली. खालून एलेनोआ किंचाळली, "आई, तू कुणाकडून आहेस?"

"गप गं! मी रोटी खातेय!"

आत्याचा शब्द मोडायचा नसतो. लोसेलीनं शेवटच्या फेकीला मला उचललं, एलेनोआच्या हाताचा खडू पुसला आणि असं काही फेकलं की मी परत सगळ्यांच्या पुढं. टोंगावाले नाचायला लागले. पण पुढं असते तिची फेक शेवटी असते, आणि आत्तापर्यंत पुढं एलेनोआ होती. तिची एक बाकी होती. ती आली. तिनं मलाच उचललं. आणि मी दोन बोटं आणखी लांब पडलो.

दोन बोटं.

सोनं एलेनोआला. रुपं लोसेलीला. तिसरी ऑस्ट्रेलियाची होती, तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही बिचारीकडं.

गळ्यात हार, छातीवर पदक, आणि एलेनोआ हसत हसत सेमिसीकडं आली. मी तिच्या काखेत.

"मामा, हा मी नेते हं."

विचारलं नाही, सांगितलं. आणि सेमिसी, ज्यानं मला कातलं, पॉलिश केलं, हजारदा शर्टाला पुसलं, तो म्हणाला, "ने बाळा."

ने बाळा! दुसरा धक्का. एकदा बघायचं तरी माझ्याकडं! नाही बघितलं. बघितलं असतं तर देववलं नसतं, हे आता कळतं. तेव्हा मला नुसता राग आला होता.

लोसेली रडली नाही. रुप्याचं पदक दातात धरून बुटाची नाडी सोडत होती. पदक बाहेर काढलं आणि म्हणाली, "ने. पण पुढच्या वेळी आणशील ना?"

"आणीन की."

"आण. रॅकवर ठेव. मग बघते."

एलेनोआचं हसू जरा बारीक झालं. मी तिच्या काखेत होतो म्हणून मला कळलं. तिचं काळीज धाडधाड करत होतं.

ऑकलंडला दोन वर्षं माझी चैन होती, खोटं कशाला बोलू. रोज तेल, रोज फडकं, मऊ मोजा घालून पिशवीत. एलेनोआ दुसऱ्या गोळ्याला हातच लावेना. "हाच माझा," सगळ्यांना सांगायची. क्लबातली पोरं माझ्याबरोबर फोटो काढायची. मी फुगलो होतो.

पुढची स्पर्धा ऑस्ट्रेलियात होती. बॅग भरली. बूट, टॉवेल, खडू. मी मोज्यात तयार. एलेनोआनं मला हातात घेतलं, बघितलं, आणि गॅरेजमधल्या फळीवर ठेवून दिलं.

आकानेसीआत्या दारात होती. "तो राहिला."

"तिथं असतात गोळे."

"दोन वर्षं दुसऱ्याला शिवली नाहीस आणि तिथं असतात?"

"नेला तर लोसेलीपण हाच टाकणार ना, आई!"

पोरगी गेली. आत्यानं मला मोज्यातून काढलं आणि खाली फरशीवर आणलं. त्या गॅरेजमधे बायका जमून झाडाच्या सालीचं कापड रंगवायच्या, त्याचा कोपरा उडू नये म्हणून मला त्यावर ठेवलं. ओशनियाचं सोनं जिंकून दिलेला मी, आता कापडावरचं वजन!

फायनलच्या दिवशी त्या सगळ्या बायका रंगाच्या हातांनी एका मोबाइलभोवती. आत्यानं तो माझ्याच अंगाला टेकवून ठेवला होता, म्हणून मला दिसलं.

लोसेली रॅकजवळ आली. ती एकेक गोळा बघत होती. एकावर हात ठेवला, काढला. दुसऱ्यावर ठेवला, काढला. रॅकच्या मागंसुद्धा वाकून बघितलं.

"काय शोधतेय गं ही?" एक म्हातारी म्हणाली.

आत्यानं नुसता माझ्यावर हात ठेवला.

मग लोसेलीनं पितळी उचलला. मी म्हटलं, गेलं, संपलं. माझ्याशिवाय हिला जमायचं नाही. माझ्याच मापाचा हात तो! आणि मित्रांनो, तो पितळी, ते लिंबू, असं गेलं, असं गेलं की मोबाइलच्या चौकटीतून बाहेर! आत्याच्या फोनवरून कळायचं, मला नेल्यावर तिला दोन वर्षं शाळेचा टवका उडालेला गोळा, बंदरातले दगड, मिळेल ते फेकावं लागलं होतं. तिचा हात कशालाही सरावला होता. आणि एलेनोआचा फक्त मला. तिच्या हातातून पितळ निसटलं, परत निसटलं, परत निसटलं. बिनपदकाची राहिली पोरगी.

सोनं लोसेलीला. मी नसताना. हा तिसरा, आणि हा सगळ्यात जोराचा. मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? झाला. पण आधी आत कुठंतरी, त्या पोकळीत, ठण्णकन वाजलं.

कुणाचं सोनं, कुणाची पोर, ओरडावं की नाही बायकांना कळेना. मग आकानेसीआत्या उठली आणि रंगाचे हात वर करून भावाच्या पोरीसाठी नाचायला लागली. नाचता नाचता रडत होती. कुणासाठी ते तिलाच माहीत.

मित्रांनो, मी अजून इथंच आहे. एलेनोआ गॅरेजमधे येते, माझ्याकडं बघत नाही. माझ्यावर तांबूस गंज धरलाय, बुचाभोवती जास्त. मला तिचा राग नाही. फक्त एवढं सांगायचंय. हक्कानं घ्यायचं तर घ्या, मामाचं घ्या, कुणाचंही घ्या. पण दुसऱ्याला मिळेल या भीतीनं एखादी वस्तू दडवून ठेवू नका. दडवलेली वस्तू दुसऱ्याला मिळत नाही हे खरं, पण तुम्हालाही ती उरत नाही. आणि जाता येता कुणी थांबणार असाल तर जरा तेलाचं फडकं फिरवा. माझ्याखालचं कापड सरकू देऊ नका म्हणजे झालं, आत्या ओरडते.