मास्तरांच्या डावीकडे

आजारातून उठल्यावर मास्तरांनी शिवलेला पहिला कोट देखणा झाला, पण अर्धाच. उजवा खिसा, उजवी बाही, सगळं चोख. डावीकडे कच्चे टाके तसेच लोंबत होते. "झाला बघ तयार!" म्हणत त्यांनी तो ऐटीत हँगरला लावला. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कपाळावर हात मारून घेतला.

मास्तरांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. हातपाय सावरले, जीभ तर पहिल्यापेक्षा जोरात चालायला लागली, पण डावीकडचं जग गेलं ते गेलंच. ताटात डावीकडे भाजी तशीच पडलेली असायची आणि हे विचारायचे, "आज भाजीला सुट्टी का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे शाबूत आहेत, डावीकडचं दिसतंही, फक्त ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आता दिसतं पण पोचत नाही म्हणजे काय, डोंबल!

आणि काकूंची जागा नेमकी डावीकडे. लग्न झाल्यापासून दुकानात हेच: मास्तर मशीनवर, काकू त्यांच्या डाव्या हाताला स्टुलावर, मांडीवर हातशिलाईचं काम. आता त्या तिथेच बसलेल्या असायच्या आणि मास्तर लेकीला विचारायचे, "तुझी आई कुठे उलथलीय सकाळपासून?"

"आई, तू उजवीकडे बस ना सरळ," लेक म्हणाली.

"मी का उठू? इतकी वर्षं इथे बसले!" काकू फणकारल्या. पण आतून त्या पार खचल्या होत्या. नवऱ्याच्या लेखी आपण उरलोच नाही, हे त्यांना सोसत नव्हतं.

लेकीने एक दिवस दोन शर्ट बापापुढे एकाखाली एक धरले. एकाची, त्यांच्या डावीकडे येणारी बाही खांद्यापासून उसवलेली. "बाबा, काही फरक?"

"छे! एकाच तागातले, एकसारखे."

"घालायचा तर कुठला घालाल?"

त्यांनी धडका शर्ट उचलला. लेकीने शर्टांची अदलाबदल करून पुन्हा विचारलं, तरी धडकाच. "का पण?"

"उगाच. तो दुसरा नको वाटतो."

"बरं आहे," काकू म्हणाल्या, "शर्टाचं कळतं. बायकोचं तेवढं कळत नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यांनी हट्ट सोडला. रोज शेजारी बसून परकं व्हायचं, त्यापेक्षा समोर दिसलेलं बरं. मास्तर मशीनवर लांबलचक शिवण घालत होते. काकूंनी मांडीवरची पँट गोळा केली आणि आवाज न करता, अनवाणी, त्या त्यांच्या पाठीमागून उजवीकडे निघाल्या.

मशीन थांबलं.

"का हो बाबा? दोरा तुटला?" लेकीने विचारलं.

"नाही गं." मास्तर समोरच्या कापडाकडे बघत राहिले. "काय झालं कुणास ठाऊक. एकाएकी कसं ओकंबोकं वाटायला लागलं. आई आली नाही का गं अजून?"

लेकीने आईकडे पाहिलं. काकू मास्तरांच्या मागे उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. त्या तशाच मागे वळल्या आणि डावीकडच्या स्टुलावर जाऊन बसल्या. मास्तर क्षणभर घुटमळले, मग मशीन पुन्हा चालू लागलं.

"तिकडे जाणार होतीस ना?" लेक हळूच म्हणाली.

"जेवताना बसेन तिकडे," काकू म्हणाल्या. डोळे इतके भरले होते की सुईत दोरा जाईना. "कामाला इथेच."