राघूचा कंठ

तार नेमकी डोळ्यावर येत होती. पिंजऱ्याची ती एकच तार, जराशी वाकलेली, गंजलेली — कॅमेऱ्यातून पाहिलं की राघूचा डोळा मधोमध चिरल्यासारखा दिसायचा. जयाने गुडघा फरशीवर टेकला, भिंग तारांना चिकटेल इतकं पुढे नेलं, रिंग फिरवली. तार पुसट झाली, धुरासारखी झाली, मग नाहीशीच झाली. आता नुसता डोळा. फिकट कडा, आत काळा ठिपका, तो बारीक होतोय, मोठा होतोय... हा आपल्यावर खार खाऊन आहे हे तिला ठाऊक होतं. तिचाही त्याच्यावर जीव नव्हता.

"जये, मेली का गं," राघू म्हणाला.

सासूचा आवाज, सासूचा ठेका, शेवटच्या 'गं'वरचा तोच हेल. चार वर्षांत तो एवढं एकच वाक्य शिकला होता, आणि घरातले सगळे दर वेळी नव्यानं हसायचे. आताही हसले. सासरा हौशीराम, सासू कुशाबाई, नवरा गोरख — ओसरीवर तिघं ओळीनं उभे, लग्नात फोटोला उभं राहतात तसे, पोटं आत घेऊन. फोटो त्यांचा नव्हता तरी.

रोल घरभरणीचा होता. डिंगोऱ्यात स्लॅबचं घर बांधलं, माणसं जेवली, फोटो काढले, आणि रोलमध्ये थोडे उरले. सकाळी चहा पिताना गोरख म्हणाला होता की उद्या हायवेवरच्या दवाखान्यात जायचंच आहे, तर रोलपण जाता जाता धुवायला टाकू. एका दमात, एका वाक्यात. रोल धुवायचा आणि बायकोची पिशवीही धुवायची — वाटेवरची दोन कामं. त्यावर मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सुचलं की मग उरलेले फोटो राघूचे काढा. मोठी फ्रेम करू. बैठकीत लावू.

आणि ती 'बरं' म्हणाली होती. दोन्हीला.

भिंत पोपटी होती. मामांनीच हौसेनं रंग निवडलेला, राघूशी मिळताजुळता. त्या भिंतीसमोर राघू ठेवला की राघू उरतच नव्हता, नुसती चोच हवेत लटकलेली. जयाने मामांचं धुतलेलं धोतर मागितलं, खिळ्याला अडकवलं, पिंजरा दाराच्या उजेडाकडे अर्धा वळवला. फ्लॅश नको, बिचकतो. चोचीत मिरची दिली की पायानं धरून खातो, तेवढा वेळ मान स्थिर... हात आपोआप चालत होते. घोडेगावला बापाचा स्टुडिओ होता. बाप गेला, स्टुडिओ विकला, कॅमेरा तेवढा तिच्याबरोबर आला आणि इथं नवऱ्याच्या कपाटात कुलपात पडला. बाप म्हणायचा, जो सांगून थांबत नाही त्याचा फोटो घ्यायचा तर आपण थांबायचं, श्वाससुद्धा. मोठा शहाणा. लग्नाच्या पोरींचे फोटो काढायचा, सावळ्या पोरीला दोन दिवे जास्त लावायचा. मलाही लावले होते. तो फोटो या ओसरीवर हातोहात फिरला, आणि मी आले. दोन दिव्यांच्या उजेडात आले आणि...

हायवेवरच्या दवाखान्यात सोनोग्राफीला मात्र दिवे मालवले होते. डॉक्टरनं पडदा स्वतःकडे वळवून घेतला. पोट माझं, त्यावर थंडगार बुळबुळीत मलम फासलेलं, आणि चित्र बघणार तो. मान वाकडी करून पाहिलं तर नुसतं राखाडी, पावसाळी आभाळ हलावं तसं. मग बाहेर येऊन गोरखच्या कानाशी एकच शब्द. बर्फी. मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की बर्फी. सांगणं गुन्हा आहे, म्हणून मिठाईचं नाव सांगायचं. कायद्याला मिठाई कळत नाही. पहिल्या खेपेला तेजस्विनी झाली तेव्हाची बर्फी यांनी गावात वाटली खरी, पण कुशाबाईनं स्वतः एक तुकडा तोंडात घातला नव्हता. तेजस्विनी आता अंगणवाडीत गेली होती. दुपारी येईल, उद्या आई कुठं चालली विचारेल...

"थांब गं, थांब," कुशाबाई म्हणाली. "असा नको काढू. कंठ कुठं दिसतोय त्याचा?"

कंठ नव्हताच. नर पोपटाच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी गोल पट्टी उमटते, तो कंठ. तो फुटला की राघू जाणता झाला. मामांनी ओतूरच्या बाजारातून पिल्लू आणलं तेव्हापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, औंदा फुटल. पुढच्या वर्षी फुटल. पावण्यांपुढे पिंजरा उतरवून मान उलटीसुलटी दाखवायचे. जयाला पहिल्या वर्षीच कळलं होतं. डिंभे धरणाच्या वर, आजोळी, झाडांच्या ढोलीतून असले थवे निघायचे, त्यात कुठला राघू आणि कुठली मैना हे शेंबडं पोरही सांगायचं. पण इथं तिला कुणी विचारलं नव्हतं. या घरात न विचारलेलं सांगत नाहीत. विचारलेलंही अर्धंच सांगतात.

कुशाबाई देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेऊन आली. गोरखनं पिंजरा उघडून राघू मुठीत धरला, राघूनं त्याच्या अंगठ्याला चावा घेतला, तरी तो हसलाच. कुशाबाईनं तेलाचं बोट कुंकवात बुडवलं आणि गळ्याभोवती फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा, ठळक. फोटोत दिसंल बघ आता.

जयाने डोळा लावला. पांढऱ्या धोतरापुढे हिरवी मान, आणि मानेभोवती ओलं लाल, पिसांतून खाली ओघळणारं. कंठ नव्हता तो. गळा होता, कापलेला.

तिचा श्वास थांबलाच होता. तो सुटला तेव्हा बोलणंही सुटलं.

"मामा, ही मादी आहे. हिला कंठ फुटायचा नाही."

गोरखनं मूठ सैल केली, राघू — मैना — पिंजऱ्यात फडफडत शिरली. कुशाबाईचं लाल बोट तसंच वर. मामा खाली बसले, पिंजऱ्याशी तोंड नेऊन बराच वेळ बघत राहिले. मग हसले. चांगले हसले, मनापासून.

"असू दे की. मादी तर मादी," मामा म्हणाले. "म्हनून काय मान मुरगाळायची व्हय तिची?"

"काय बाई अभद्र बोलता," कुशाबाई म्हणाली. "जित्या जिवाबद्दल."

गोरख फरशीकडे बघत होता. म्हणजे बाप काय बोलून गेला ते त्याला ऐकू आलं होतं. त्या दोघांना नाही. दोघांनाही खरंच काही ऐकू आलं नव्हतं — हेच तिला आधी कळेना, आणि मग इतकं कळलं की कानशिलं तापली. ढोंग असतं तर बरं झालं असतं. ढोंगी माणसाला निदान खरं काय ते ठाऊक असतं. मामांनी उपरण्याचं टोक तांब्यात बुडवलं, दार उघडून हात आत घातला आणि त्या पाखराच्या गळ्यावरचं कुंकू टिपायला लागले, हळू, पीस उलटं होणार नाही असं. "उगी, उगी गं बाय माझी." चार वर्षांत पहिल्यांदा 'गं' म्हणाले. आणि पाखरू, जे कुणाकुणाला चावायचं, ते डोळे मिटून उभं.

जयाने बटण दाबलं. दारातला उजेड म्हाताऱ्याच्या गालावर, सुरकुत्यांत माया भरलेली, ओल्या मानेवर जाडंभरडं बोट. इतका चांगला फोटो तिनं कधी काढला नव्हता. बापानंही नाही. संताप याचाच होता. उद्या ही फ्रेम पाहून कुणीही म्हणेल, काय देवमाणूस. आणि काही खोटं नसेल त्यात. दोन दिवे जास्त लावलेले नव्हते.

तिनं उरलेले फोटो भराभर काढले, मिरची खाताना, मान वळवताना, जे येईल ते. कॅमेरा गोरखच्या हातात दिला. तो पुटपुटला, तू मनाला लावून घेऊ नको, म्हाताऱ्याचं बोलणं ते. ती म्हणाली नाही की बोलणं बरोबरच आहे त्यांचं. म्हणजे नुसतं बरोबर नाही — त्याहून शहाणं वाक्य या घरात कुणी बोललंच नाही आजवर.

स्वयंपाकघरात भाकऱ्या झालेल्या होत्या. सकाळी तिनंच थापलेल्या. ती पाटावर बसली नाही, तिथंच परातीशी फतकल मारून बसली, भाकरी मोडली, पिठलं वर ओतून घेतलं, आणि खायला लागली. दुसरी घेतली. वर कच्चा कांदा.

कुशाबाई दारात आली.

"पुरुष मान्सं जेवायचीत अजून."

जयाने ऐकलं. तिसरी भाकरी घेतली. उद्या काय होणार तिला माहीत नव्हतं. माहेर राहिलेलं नाही, बाप नाही, गाडी सकाळी दारात येणार आणि गोरख हाक मारणार. नाही म्हणता येईल का, आवाज निघेल का — काही सांगता येत नव्हतं. पण तिकडे माझे पाय आपले आपण चालत जाणार नाहीत, एवढं तिला आता पक्कं वाटत होतं. न्यायचं तर उचलून न्यावं लागेल, या ओसरीवरून, दिवसाढवळ्या, गावादेखत. आणि मग जड व्हायला हवं. चौघांना उचलता येऊ नये इतकं जड. ती घास चावत होती, सावकाश, सासूच्या तोंडाकडे बघत.