मास्तरांनी वकील केला

तोंडात टाचण्या असल्या की मास्तरांना बोलता यायचं नाही, आणि आज तर बोलायचंच होतं. वकीलबाई आरशासमोर नव्या काळ्या कोटात उभ्या होत्या, हात अंगापासून जरा लांब धरून. मास्तर त्यांच्या पाठीशी डाव्या खांद्याची शिवण चिमटीत धरत होते. बाईंचा तो खांदा उजव्यापेक्षा किंचित उतरलेला होता. फायलींची पिशवी कायम त्याच खांद्यावर असायची ना! मास्तर तिथे आतून पातळशी गादी घालत आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढत नसत.

कोर्टाच्या मागच्याच गल्लीत शिवणाचं दुकान, त्यामुळे अर्ध्या कोर्टाच्या अंगावर मास्तरांचे कोट. "आमचा कोट काढून बघा, जज्जसाहेब ओळखसुद्धा द्यायचे नाहीत," अशी त्यांची वकील लोकांशी नेहमीची थट्टा चालायची. आज थट्टा सुचत नव्हती. कोपऱ्यात कापडाच्या गठ्ठ्यावर त्यांचे थोरले भाऊ बसले होते आणि भुवया उडवून 'विचार, विचार' म्हणून खुणावत होते. सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला होता. उद्या येऊन जा म्हणाले होते.

मास्तरांनी टाचण्या तळहातावर काढल्या.

"बाई, एक विचारायचं होतं. घरचंच आहे."

आरशातले बाईंचे डोळे एकदम त्यांच्यावर आले.

"मास्तर, थांबा."

"नाही, म्हणजे परवा आमच्यात जरा वाजलं, आणि माझा हात..."

"मास्तर! एक शब्द बोलू नका."

बाई गर्रकन वळल्या. हात वर झाला तशी काखेतली टाचणी त्यांना टोचली असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "तुमच्या घरातलं माणूस तुमच्या आधी माझ्याकडे आलेलं आहे. याहून जास्त मी सांगू शकत नाही आणि तुमचं काही ऐकूही शकत नाही. तुम्ही आत्ता जे बोलाल, ते मी तुमच्याच विरुद्ध वापरीन. मग म्हणू नका, की ओळखीची होती, बोललीसुद्धा नाही."

"आधी कशी येईल?" दादा कोपऱ्यातून उसळले. "परवा संध्याकाळपासून ती बहिणीकडे आहे, हात प्लॅस्टरमध्ये घालून. उगाच काय!"

बाई त्यावर गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहण्यातच मास्तरांना सगळं कळलं. आधी म्हणजे परवानंतर नव्हे. आधी म्हणजे आधीच.

त्यांनीच तर तिला पाठवलं होतं. काज करणं, अस्तर टाचणं ही बायकोची कामं, आणि तयार कोट वकिलांच्या ऑफिसात पोचवणंही तिचंच. मास्तर गिऱ्हाईक सोडून कुठे जाणार! जायला पाच मिनिटं, यायला पाच, पण अलीकडे ती तास तास लावायची. कुठे होतीस, विचारलं की म्हणायची, बाई कामात होत्या, थांबावं लागलं. परवा त्यावरूनच पेटलं. घड्याळ दाखवत मास्तरांनी तिचा हात धरला, आणि सोडायचा सोडून पिरगळला. कटिंगच्या टेबलाच्या कडेवर मनगट आपटल्याचा आवाज झाला, तेव्हाही ते पहिलं बोलले ते असं, "नाटकं करू नकोस."

त्या तासाभरात ती या बाईंच्या समोरच्या खुर्चीवर बसत होती तर! मास्तरांची मान खाली गेली. एवढ्या जवळ आपल्याला माहीत नसलेली एक खुर्ची होती, आणि आपली बायको तिथे बसून आपल्याबद्दल बोलत होती. राग यावा म्हणून त्यांनी वाट पाहिली, पण राग आला नाही. लाज वाटली, आणि ती चांगलीच वाटली.

बाईंनी टाचण्यांसकट कोट उतरवला आणि घडी घालून टेबलावर ठेवला.

"वकील करा, मास्तर. आजच करा, ठाण्याची पायरी चढायच्या आधी. झेरॉक्सच्या दुकानावर ते दमेकरी वकील बसतात ना, माणूस सरळ आहे."

"आणि कोट? उद्या देतो की."

"राहू दे," बाई म्हणाल्या आणि पिशवी त्याच खांद्यावर टाकून निघून गेल्या.

"बाईमाणूस बाईचीच बाजू घेणार," दादांनी निकाल देऊन टाकला. दादांचे निकाल नेहमी तयारच असत. "तू जा त्या दुसऱ्याकडे. मी तेवढ्यात ठकूच्या शाळेकडे चक्कर टाकतो. मधल्या सुट्टीत भेटेल."

ठकू म्हणजे मास्तरांची लेक, पाचवीतली. परवा ती दुकानातच बटणं निवडत बसली होती, आणि तेव्हापासून आईबरोबर मावशीकडे होती.

दादा शाळेत कशाला चाललेत, हे मास्तरांना न कळायला ते काही दूधखुळे नव्हते. काल रात्री वहिनी आणि दादा दोघांनी मिळून गोष्ट रचली होती. वरच्या फळीवरचा तागा काढताना मास्तरांची बायको स्टुलावरून पडली. साधी, सुटसुटीत, कुणालाही पटेल अशी. फक्त बघणारी एकच होती, आणि तिने तसं म्हणायला हवं होतं. मास्तरांनी 'नको' म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, "तिला घाबरवू नकोस म्हणजे झालं."

झेरॉक्सच्या दुकानावरची खोली अरुंद होती. वकील तोंडाला औषधाचा पंप लावून बसले होते. त्यांच्या कोटाचं मधलं बटण लोंबत होतं आणि मास्तरांचे डोळे सारखे तिकडे जात होते. आपलं वकिलाकडे काय काम असतं, याची मास्तरांची कल्पना सरळ होती. कपडा आपला, शिवण त्यांची. ढगळ असेल तिथे आत घेतील, तंग असेल तिथे सोडतील, आणि ठाण्यात घालून जाण्यासारखं काहीतरी अंगावर चढवून देतील.

"ती स्टुलावरून..." त्यांनी सुरुवात केली.

"कुणी बसवलंय हे?" वकिलांनी धापा टाकत विचारलं.

"अं?"

"स्टूल. कुणी आणलं ते? भावानं की मेव्हण्यानं? दर वेळी कुणीतरी स्टूल आणतंच. नाहीतर मग ओला जिना." त्यांनी पंप खाली ठेवला. "हे बघा, तुम्ही आधी आलात, फार चांगलं केलंत. लोक ठाण्यात जाऊन वाट्टेल ते बरळतात, त्याखाली सही करतात, आणि मग माझ्याकडे येतात."

"स्वतःच कापड कापून मग शिवायला आणतात, तसं," मास्तर बोलून गेले.

"अगदी तसं! तर आता ऐका. उद्या मी बरोबर येणार. मी नसताना तिथे नाव-पत्त्यापलीकडे काही बोलायचं नाही. गप्प बसण्याचा हक्क आहे तुम्हाला. पण खोटं बोलण्याचा नाही, हा फरक ध्यानात ठेवा. बायकोला फोन नाही, निरोप नाही, माफीसुद्धा नाही."

"माफीपण नाही?"

"नाही. ती तुम्हाला बरं वाटावं म्हणून असते. तिला तो दबाव वाटतो, आणि कोर्टालाही तसंच वाटतं. आणि मुलीला कुणीही काही पढवायचं नाही. कुणीही नाही. तसं झालं तर केस बाजूला राहिली, त्या पोरीच्या जन्माचं नुकसान होईल. बरं, आता मला सांगा. इथे खरंच सांगायचं, ते या खोलीबाहेर जात नाही. काय झालं?"

मास्तरांनी गुडघ्यावरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. खडूची पांढरी पूड नखांत अडकली होती. दोन दिवस घरात, दुकानात, दादांशी, वहिनीशी एवढं बोलणं झालं, पण हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. झालं, वाजलं, लागलं, असंच सगळे म्हणत होते.

"मी तिचा हात मोडला," ते म्हणाले.

वकिलांनी मान हलवली, जणू कुणी पत्ता सांगितला होता. "पहिल्यांदाच?"

"हो," मास्तर म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मागच्या वर्षीचं काय ते धक्का लागल्यासारखं होतं. ओठाला टाके पडले होते, पण ते दार मध्ये आलं म्हणून. दार मध्ये आलं नसतं तर काहीच झालं नसतं. असा हिशेब त्यांनी तेव्हाच मनाशी मिटवून टाकला होता.

"बरं. मी जेवून घेतो, मग आपण लिहायला बसू," वकील म्हणाले. "तुम्ही भावाला फोन करून सांगा, की सगळ्यांनी तोंडं मिटून बसा."

फोन करायला मास्तर जिन्यात आले. दादांनी फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तेव्हा मात्र ते शाळेच्या रस्त्याला लागले. वय पन्नाशीचं, दिवसभर बसून काम. कोपऱ्यापर्यंत पळाले आणि तिथून पुढे भराभर चालत राहिले. चालताना त्यांना आपलाच मघाचा आवाज ऐकू येत होता, तिला घाबरवू नकोस म्हणजे झालं. म्हणजे काय, खोटं शिकव पण प्रेमानं शिकव! बाप म्हणवून घ्यायची लाज वाटावी असं ते बोलणं होतं, आणि ते त्यांचंच होतं.

शाळेसमोर पोचले तेव्हा सुट्टी संपली होती. पोरं फाटकातून आत निघाली होती. मास्तर समोरच्या फुटपाथवरच थांबले. पलीकडे जायचा धीर होईना, आणि आता तिकडे जायची मुभा आहे की नाही हेही कळेना. तेवढ्यात त्यांना ठकूची पाठ दिसली. तिची एक वेणी कानाच्या वर होती, एक पार मानेशी. आईचा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणजे तिची तिनेच घातली असणार. तिने मागे वळून पाहिलं नाही. मास्तरांनी हाक मारली नाही.

दादा रस्ता ओलांडून आले. एरवी चारचौघांत छाती काढून चालणारा माणूस, आज कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखा दिसत होता.

"बोललास तिच्याशी?"

"बोललो."

"दादा, कशाला बोललास? वकील म्हणाले, कुणी काही..."

"तूच तर पाठवलंस मला!" दादा ओरडले आणि लगेच आवाज खाली आणला. "म्हटलं, बाळा, कुणी विचारलं तर आई स्टुलावरून पडली म्हणायचं. तर माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, काही नाही."

"मग?"

"म्हणाली, काका, ते मागच्या वेळी वर्गातल्या बाईंना सांगून झालंय. ओठाच्या वेळी. आता परत तेच सांगितलं तर त्यांना खोटं वाटेल. दुसरं काहीतरी शोधा."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मास्तरांनी फाटकाकडे पाहिलं, तर शिपाई कडी लावत होता. तेव्हाचं चौथीतलं पोर, वर्गातल्या बाईंसमोर उभं राहून आईच्या ओठाची कथा रचतंय. कुणी शिकवली असेल तिला? कुणीच नाही. घरात बघून बघून शिकली. मास्तर तेव्हा दुकानात बसून कुणाचातरी खांदा नीट करत होते, आणि घरी आले की ती त्यांना पाणी आणून द्यायची.

"चल घरी," दादा म्हणाले. "तुझी वहिनी जेवायची थांबलीय. बसून काहीतरी विचार करू."

"तू जा."

"आणि तू?"

"वकिलांकडे. त्यांनी एक विचारलं होतं, मी चुकीचं सांगून आलोय."

"काय विचारलं होतं?"

दादांना त्याचं उत्तर माहीत होतं, वहिनीलाही होतं, पोरीलाही होतं. नव्हतं ते फक्त त्या वकिलांना.

खोलीचं दार लोटलेलं होतं. वकील डबा उघडून बसले होते. मास्तर उंबऱ्यातच उभे राहिले.

"साहेब, पहिल्यांदा नाही."

वकिलांचा घास हातातच राहिला.

"ही तिसरी वेळ. मुलीला दोन माहीत आहेत," मास्तर म्हणाले. "एक तिला माहीत नाही. तेव्हा ती पोटात होती."

वकिलांनी डब्याचं झाकण लावलं आणि तो बाजूला सरकवला.

"बसा," ते म्हणाले. "तिथून सांगा."